पोल्ट्री शेडमधल्या काळ्या किड्यांसाठी बिव्हेरिया बुरशी वापरलीय का कुणी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आमचं ब्रॉयलरचं शेड आहे, खाली भाताचं तूस. पिल्लांचे दोन लॉट झाले, काळ्या किड्यांनी वैताग आणलाय. खाद्याचं भांडं उचललं की खाली नुसती वळवळ. भाताच्या दाण्याएवढे काळे भुंगे आणि पिवळट अळ्या. पिल्लं खाद्य सोडून तेच टिपत बसतात. वर हे किडे साल्मोनेलाचे रोगजंतू पसरवतात, ती काळजी वेगळीच.

औषध मारलं की आठ दिवस बरं, मग परत भिंतीच्या फटीतून बाहेर. उसातल्या हुमणीला आम्ही मेटारायझियम ही कीड मारणारी बुरशी टाकतो, त्याचा गुण आलाय. म्हणून बिव्हेरिया बॅसियाना ही तसलीच बुरशी डोक्यात आली. तिचे बीजाणू किड्याच्या अंगाला चिकटतात, रुजून आत शिरतात आणि काही दिवसांनी किडा मरतो. लगेच पडणार नाही, हे मान्य.

अडचण अशी की लॉट उठल्यावर आम्ही चुना मारतो, फॉर्मलीन फवारतो. त्यात बुरशी कशी जगेल? आधी जंतुनाशक, मग किती दिवस थांबायचं? तुसाखाली टाल्कमध्ये मिसळलेली बुरशीची पावडर टाकायची की भिंतीच्या कडेनं पाण्यातून फवारायची? लिटरमधल्या (तूस-विष्ठेच्या थरातल्या) अमोनियाचाही बीजाणूंवर परिणाम होतो म्हणे.

निपाणी, चिकोडी, चंदगडकडच्या कुणी करून बघितलं असेल तर सांगा की. दुकानदार काय, पुडा विकून मोकळा. पुढची पिल्लं बारा दिवसांनी येणार आहेत.