मदत हवी आहे: फिनिश वाचता येणारं कुणी आहे का इथे?

नमस्कार मंडळी,
आमच्या फिल्म क्लबच्या छोट्या अंकासाठी फिनलंडच्या 'फिल्मिहुल्लु' या सिनेमाच्या मॅगझिनवर लिहिते म्हणून सांगून बसलेय. फिनिश दिग्दर्शक आकी कौरिस्मॅकी तरुणपणी तिथे सिनेमांवर लिहायचा असं वाचलं आणि म्हटलं चला, दोन पानं सहज होतील. आता गळ्याशी आलंय.

जमलंय ते एवढं. आधी 1921 पासून 'फिल्मिआइत्ता' नावाचं सिनेमाचं मॅगझिन, मग 1932 ते 1968 'एलोकुवा-आइत्ता'. आणि 'फिल्मिहुल्लु' सुरू झालं तेही 1968 लाच! पीटर फॉन बाग 1971 पासून 2014 मध्ये निधन होईपर्यंत त्याचा संपादक, म्हणजे चाळीसच्या वर वर्षं एकच माणूस, आणि याच माणसाने कौरिस्मॅकी बंधूंबरोबर 1986 मध्ये पार उत्तरेला सोदानक्यूलाला फेस्टिवल काढला, जिथे जूनमध्ये सूर्य मावळत नाही म्हणून सिनेमे रात्रभर चालूच.

मोबाइलवरचं भाषांतर 'एलोकुवा-आइत्ता'चं 'चित्रपट धान्याचे गोदाम' करतं, आणि 'फिल्मिहुल्लु'चं 'चित्रपट वेडा'. एक बंद आणि दुसरं सुरू एकाच वर्षी, त्यामुळे गोदाम वेड्याच्या ताब्यात गेलं असं मी जवळजवळ लिहूनच टाकलं होतं :) पण जुन्यात नटनट्यांचे फोटो जास्त आणि नव्यात समीक्षा, म्हणजे प्रकृतीच वेगळी वाटते.

दोन प्रश्न: नावं मराठीत कशी लिहू? आणि फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात 'aitta' टाकून शोधलं तर निम्म्या जागी सापडतच नाही, असं का?

प्रतिसाद:
ताई, मी फिनलंडमध्ये एस्पोला असतो, फिनिश कामापुरतं येतं. गोदाम चूक नाही हो, आइत्ता म्हणजे धान्याची कोठीच, आपल्या कणगी-बळदाच्या जवळची. 'सिनेमाची कोठी' लिहा, छान वाटतं. एलोकुवा म्हणजे जिवंत चित्र, आपलं चलचित्रच की. हुल्लु ला 'फिल्मवेडा' करा, 'वेडा' नुसतं नको.

शोधायचं म्हणाल तर आपल्यासारखंच सामान्यरूप आहे तिथे. घोडा पण घोड्यात, तसं aitta पण aitassa, म्हणजे कोठीत. 'कोठीचा' म्हणायचं तर aitan, मधला एक टी गळतो. तुम्ही दोन टी टाकून शोधणार आणि ते सापडणार नाही. aitan आणि aitassa टाकून बघा. विभक्त्या पंधरा आहेत, घाबरू नका.

आणि त्या 1968 च्या योगायोगावर फार बांधू नका. इथे 1958 पासून टीव्ही नियमित सुरू झाला, 1963 ते 65 नटांचा संप, आणि 1965 ला एक मोठा स्टुडिओ बुडाला. थिएटरं ओस पडत चालली तर नट्यांचे फोटो कोण विकत घेणार?

धागाकर्ती:
अय्या, aitan टाकलं आणि धडाधड पानं आली! आता एवढं वाचणार कोण, तुम्हाला रविवारी वेळ आहे का हो?