मदत हवी आहे: चढावर तोंड करून ठेवलेली जुनी डिझेल गाडी सकाळी उठतच नाही

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा लक्ष घालावं.

गाडी २००४ ची. डिझेल, १.४ लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही, डिझेलचा रोटरी पंप. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद ब्रँडयुद्धात जातील. मीटरवर १ लाख ८३ हजार. बाबांनी घेतलेली गाडी, त्यामुळे 'विकून टाक' हा सल्ला कृपया नको. २०१९ ला फेरनोंदणी ६०० रुपयांत झाली होती, २०२४ ला त्यालाच ५,००० मोजले. एवढे भरल्यावर कोण विकतो?

त्रास असा. सकाळी चावी फिरवली, हीटरचा दिवा विझला, सेल्फ मारला की पंधरा-वीस सेकंद नुसतं घरघरत राहतं. तीन-चार वेळा मारल्यावर एकदम दोन सिलिंडरवर धडधडत उठते, अर्धा मिनिट मिस मारते, मग जणू काही झालंच नाही. दिवसभर फोंडा-पणजी कितीही फिरवा, चावी लावताच सुरू.

इथल्या गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग चारही हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवतात ते). फरक शून्य. आता म्हणतो, "पंप काडचो पडटलो." पंप काढून पाठवायचा, खर्च अठरा हजार. चवथीला वाळपईला गावच्या घरी जायचंय, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-भाज्यांचं) सगळं सामान याच गाडीतून जातं. दोन आठवडे हातात आहेत. पंप काढू की नको?

एक राहिलं, महत्त्वाचं आहे की नाही माहीत नाही. गेल्या शनिवारी मडगावला सासुरवाडीत मुक्काम होता. तिथे पार्किंग सपाट. सकाळी गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली. आमच्या घरचा रस्ता चढणीचा, गाडी रोज तोंड वर करून उभी असते.

प्रतिसाद:
विकून टाक. (क्षमस्व, राहवलं नाही.)

प्रतिसाद:
एकच प्रश्न. सकाळी सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का? आणि आला तर कोणत्या रंगाचा?

धागाकर्ता:
आज मुलाला मागे उभं केलं होतं. सुरू होईपर्यंत काहीच नाही. सुरू झाल्यावर पांढरा धूर भसाभसा, मग बंद.

प्रतिसाद:
मग हीटर प्लगचे पैसे फुकट गेले रे दादा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असता तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, असा अर्थ झाला असता. तेव्हा हीटर, कॉम्प्रेशन बघायचं. धूरच नाही म्हणजे डिझेल नोझलपर्यंत, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोटीपर्यंत, पोचतच नाही.

प्रतिसाद:
पंपाला हात लावू देऊ नकोस. उत्तर तू शेवटच्या परिच्छेदात स्वतःच लिहिलंयस. मी डिचोलीत खाणीच्या टिपरांवर वीस वर्षं काढली, २०१२ ला खाणी बंद पडल्या तोवर. ही तक्रार रोज एक तरी यायची. गाडी एअर घेतेय.

टाकी मागे खाली, इंजिन पुढे. तोंड वर करून उभी केलीस की टाकी आणखी खाली जाते. टाकीपासून पंपापर्यंतची डिझेलची लाइन घट्ट असेल तर डिझेल जागेवर राहतं. स्ट्रॉ रसात बुडवून वरचं टोक बोटाने दाबलं की रस खाली पडत नाही, तसंच. पण वर कुठे केसाएवढी जरी फट असली तरी हवा आत शिरते आणि रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं. सकाळी पंपाला आधी हवा ओढावी लागते, तीच तुझी वीस सेकंदं. सपाटीवर तेवढं उतरत नाही, म्हणून मडगावला गाडी शहाणी.

लोक फसतात ते इथे: ओढणाऱ्या बाजूची फट बहुतेक वेळा गळत नाही. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे इंजिन कोरडं दिसतं आणि संशय पंपावर जातो. पंपाचं सील गेलं असतं तर पंपाखाली ओलं दिसलं असतं.

आधी खात्री करून घे. आज रात्री गाडी तोंड खाली करून लाव. उद्या पटकन सुरू झाली तर अर्धं काम झालं. मग फिल्टरपासून पंपाकडे जाणारी काळी नळी काढून त्या जागी डिझेल चालेल अशी पारदर्शक नळी लाव. सुरू करताना बुडबुडे पळताना दिसतील.

तरी गॅरेजवाला ऐकेना तर बाटलीचा प्रयोग. लिटरभर स्वच्छ डिझेल बाटलीत घे, बॉनेटला पंपापेक्षा उंच टांग, पंपाची आत येणारी आणि परत जाणारी, दोन्ही नळ्या बाटलीत सोड. संध्याकाळी एकदा सुरू करून बंद कर. चढावरच उभी ठेव. सकाळी टुणकन उठली तर पंप निर्दोष, दोष मागच्या लाइनमध्ये. बाटली लावून गाडी चालवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत, पण हीटर अगदीच फुकट म्हणू नका. या जुन्या इंजिनांत डिझेल आधी छोट्या कोठडीत पेटतं, तिथे थंड असताना हीटर लागतोच, आपल्याकडे २२-२३ अंश असलं तरी. फक्त या केसमध्ये गुन्हेगार तो नाही.

धागाकर्त्या, नोझलच्या डोक्यावरून एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या बारीक कापडी रिटर्न नळ्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) बघ. आपल्या दमट हवेत त्या कुजतात. बोटांत धरून वाकव, तडे दिसतील. शेवटच्या नोझलला बूच असतं, तेही बघ.

एअर काढताना नोझलच्या जाड पाइपचा नट सैल केलास तर बोट जवळ नेऊ नकोस. तिथला दाब १०० बारच्या वर असतो, डिझेल कातडीत घुसतं. फडकं लाव, तोंड लांब ठेव.

धागाकर्ता:
अपडेट. तोंड खाली करून लावली, पहिल्या सेल्फला सुरू! बायको म्हणाली, मग रोज तशीच लाव ना. तिचं काही चुकलं नाही, पण आमच्या वळणावर गाडी उलटी लावायची म्हणजे शेजाऱ्याच्या पोफळीत जायचं.

रिटर्न नळ्या बदलल्या. तिसऱ्या-चौथ्या नोझलमधली वाकवताच तुकडा हातात आला, बुचालाही भेग होती. पुन्हा चढावर लावली. वीस सेकंदांवरून सात-आठवर आली, पण पारदर्शक नळीत बुडबुड्यांची माळ होतीच.

प्रतिसाद:
फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला शोध. लोखंडी पाइप संपून रबरी नळी सुरू होते तो सांधा. तांब्याचे वॉशर जुनेच परत घातलेत का तेही बघ.

धागाकर्ता:
सापडलं!!

फिल्टरच्या हाताभर अलीकडे रबरी नळीला क्लिपच नाही. कोणीतरी बाइंडिंग वायर दोन वेढे मारून पक्कडीने पिळलीय. वायर गंजून अर्धी झालेली. खाली बोट फिरवलं, थेंबभर ओल नाही. हात लावून नळी फिरवली तर गोल गोल फिरते.

नळीचं टोक इंचभर कापलं, नवी क्लिप आवळली. हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) घट्ट होईपर्यंत दाबला, साठेक वेळा तरी. गेले चार दिवस चढावर, त्यातले दोन मुसळधार पावसातले. चावी, दिवा, सुरू. नळ्या, बूच, दोन क्लिपा मिळून २८० रुपये.

वायर कोणी बांधली ते विचारायला गेलो नाही. तीन वर्षं एकच माणूस गाडीला हात लावतोय, विचारण्यासारखं काय आहे?

एक शंका. सकाळी सुरू करताना पारदर्शक नळीत मुगाएवढा एखादा बुडबुडा अजून दिसतो. वाळपईला जायच्या आधी अजून काही खोलू का?

प्रतिसाद:
एखाददुसरा चालतो, माळ नको. काही खोलू नकोस. फक्त ती पारदर्शक नळी काढून नीट काळी डिझेलची नळी बसव, पारदर्शक उष्णतेने कडक होते आणि परत क्लिपेतून हवा घेते. जायच्या आदल्या दिवशी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढ, पावसाळ्यात साचतंच. आणि पुढे कधी फिल्टर बदललास तर आधी डिझेलने काठोकाठ भरून बसव, नाहीतर हाच धागा परत वर येईल.