परगावी फिरताना लहान मुलांसाठी खेळायच्या जागा कशा शोधता? मदत हवी आहे

नमस्कार,

पुढच्या महिन्यात आम्ही चौघं पाच दिवस एका अनोळखी शहरात असू. मोठा साडेपाच वर्षांचा, धाकटी सव्वादोनची. दिवसभर नुसतं बघत हिंडायचं म्हटलं की दुपारनंतर दोघंही रडकुंडीला येतात. रोज तासभर तरी त्यांना मोकळं सोडता यावं, एवढीच इच्छा आहे.

मागच्या प्रवासात नकाशावर 'मैदान' शोधून गेलो, तर मोठ्या मुलांचं फुटबॉलचं मैदान निघालं, तेही कुलूपबंद. दुसरीकडे घसरगुंडी होती, पण शिडीच्या पायऱ्यांत इतकं अंतर की धाकटीचं पाऊल वर पोचेना. एक पाय अधांतरी, दोन्ही मुठींत दांडा घट्ट धरलेला, आणि "मी, मीच" चाललेलं. शेवटी मीच तिला मांडीवर घेऊन घसरले.

जायच्या आधी घरबसल्या कसं ओळखायचं की जागा एवढ्या लहान मुलांसाठी आहे? सावली, कुंपण, स्वच्छतागृह यांचा अंदाज कसा घेता? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

'मैदान' नको, 'प्लेग्राउंड' शोधा. परदेशात जात असाल तर तिथल्या भाषेतला शब्द टाका, निकालच बदलतात. जर्मनमध्ये 'श्पीलप्लात्स', स्पॅनिशमध्ये 'पार्के इन्फान्तिल'. आम्ही ओपनस्ट्रीटमॅपही बघतो. तो नकाशा स्वयंसेवक भरतात, त्यामुळे सोसायट्यांच्या मधली छोटी बागसुद्धा कधीकधी त्यात सापडते. ऑरगॅनिक मॅप्स या अ‍ॅपमध्ये तोच नकाशा आधी उतरवून ठेवला की नेट नसलं तरी चालतं.

मग उपग्रहचित्र मोठं करून बघा. झाडं खेळण्यांच्या किती जवळ आहेत ते त्यात कळतं. लोकांनी टाकलेल्या फोटोंत मी आधी झोपाळे बघते. पाय घालायला दोन भोकं असलेला, बादलीसारखा झोपाळा दिसला की धाकटीची सोय झाली. फोटो मात्र अलीकडचेच बघा.

प्रतिसाद २

वयाची पाटी असेल तर ती जरूर वाचा. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत २ ते ५ आणि ५ ते १२ वर्षं असे वेगळे गट आहेत, म्हणजे तुमच्या दोघांना दोन वेगळी खेळणी लागतील. दोन्ही एकाच नजरेच्या टप्प्यात असलेली बाग निवडा, नाहीतर एकट्या माणसाची फार ओढाताण होते. त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे साडेतीन ते नऊ इंचांच्या बंदिस्त फटीत मुलाचं डोकं अडकू शकतं. कठड्याच्या गजांमधून एकदा हात फिरवून बघा.

आणि ताई, मांडीवर घेऊन घसरणं कृपया टाळा. मुलाचा बूट कडेला अडकतो, पण मोठ्या माणसाच्या वजनामुळे दोघंही खाली जात राहतात आणि पाय पिरगळून नडगीचं हाड मोडतं. जिथे ती स्वतः चढू शकते तीच तिची घसरगुंडी. उन्हात आधी तळहात टेकवून बघा. पत्राच नव्हे, प्लास्टिक आणि खालची रबरी फरशीही चटका देते.

पावसासाठी सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग हेरून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मांडीवरचं मला खरंच माहीत नव्हतं, वाचून पोटात गोळा आला. आता परत असं करणार नाही.

काल रात्री बसून मुक्कामापासून पायी जाता येतील अशा तीन जागा काढल्या. एका बागेत बादलीचा झोपाळा आहे, चिंचेच्या पानासारखी बारीक पानं असलेलं मोठं झाडही आहे, पण रस्त्याच्या बाजूला कुंपण आहे की नुसती झुडपं, ते कुठल्याच फोटोत दिसत नाही. धाकटी हात सोडून पळते, म्हणून तेवढंच अडलंय. हे बघायची काही युक्ती आहे का?

प्रतिसाद १

गूगल मॅप्समध्ये रस्त्यावरून दिसणारं दृश्य (स्ट्रीट व्ह्यू) उघडा आणि बागेच्या कडेने पुढे पुढे सरका. फाटक कुठे आहे तेही त्यातच दिसेल.