अडलेल्या शेळीचं करडू चीक ओढत नाही, मदत हवी आहे

मुरबाडजवळ आमच्या पाच शेळ्या आहेत. आज पहाटे पहिलटकरीण शेळी अडली. करडाचं डोकं बाहेर, पुढचे पाय आतच दुमडलेले. डॉक्टर येऊन सोडवेपर्यंत तासभर गेला. करडू जगलं, पण तोंड सुजलंय, जीभ निळसर, सडाला लावलं तरी ओढत नाही. तोंडात बोट घातलं तर गार लागतं. गोणपाटात गुंडाळून बल्बखाली ठेवलंय, नाळेला आयोडीन लावलं. वजन दोन किलो. चीक पिळून ठेवलाय. पहिल्या काही तासांत पोटात जायलाच हवा, हे माहीत आहे. सासूबाई म्हणतात चमच्याने पाज, पण फुफ्फुसात गेला तर? आधी ऊब, मग तोंडातून पोटापर्यंत नळी घालून चीक, हे बरोबर ना? नळी घरी कुणी घातलीय का? डॉक्टर आता संध्याकाळीच येणार.