फाउंड्रीत मीटर आणि सॉफ्टवेअर बसवून वीज खरंच वाचते का?

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, मेंटेनन्सला आहे, दोन इंडक्शन भट्ट्या आणि एक मोल्डिंग लाइन. आम्ही ज्यांना कास्टिंग देतो ती कंपनी लिस्टेड आहे, त्यांना सेबीच्या बीआरएसआर अहवालात पर्यावरणाचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून आता ते आम्हाला विचारतायत की टनाला वीज किती लागते. आमच्याकडे महावितरणचं महिन्याचं एकच बिल, त्याला टनेजने भागायचं एवढंच. मालक म्हणतात सगळं डिजिटल करूया. पण नुसते मीटर लावून वापर कमी होतो का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

गोकुळ_शिरगाव
मीटरने वाचत नाही भावा, कुठं जाते ते कळतं. आम्ही फीडरला वेगवेगळे मीटर लावले, भट्टी, सँड प्लांट, कंप्रेसर असे. पहिल्याच रविवारी दिसलं, फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) एकटा माणूस कामावर, त्याच्या एका ग्राइंडरसाठी मोठा कंप्रेसर चालू आणि हवा गळतीतूनच जास्त चाललेली. साबणाचं पाणी घेऊन आख्खी लाइन फिरलो. ३ मिमीचं भोक ७ बारला तीन-चार किलोवॅट खातं, तीन जरी धरले तरी वर्षाला ६००० तास म्हणजे १८,००० युनिट, आणि आपल्याकडच्या विजेला युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर एका भोकापायी १२ टनांच्या वर. प्रेशरही १ बार कमी केलं, काम अडलं नाही.

भट्टीवाला
कंप्रेसर ठीकाय पण खरी वीज भट्टीत जाते. टनाला साधारण ५५० ते ६५० युनिट, आणि त्यातली काही वितळवण्यात नाही तर वाट बघण्यात जातात. मेटल १४५० डिग्रीला तयार, लॅडल (ओतायचं भांडं) उभी, आणि मोल्डिंगवाला म्हणतो थांबा दहा मिनिटं, बॉक्स (वाळूचे साचे) भरले नाहीत. तेवढा वेळ तापमान धरून ठेवायला पॉवर चालूच, वर झाकण उघडं असेल तर उष्णता सरळ छताला. आम्ही भट्टीच्या पॅनलमधले युनिट आणि लाइनवरचे तयार बॉक्स एकाच स्क्रीनवर घेतले, आणि ती स्क्रीन केबिनमध्ये नाही, भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर लावली. आता आमचा माणूस बॉक्स बघूनच चार्ज (वितळवायचं लोखंड) टाकतो, पॉवर वाढवतो. आधी त्याला कुणी सांगतच नव्हतं हो, दोष त्याचा नव्हता.

क्वालिटी_ताई
रिजेक्शन विसरू नका. खराब कास्टिंग परत भट्टीत जातं म्हणजे तेच लोखंड दोनदा वितळवलं, वाळू आणि वेळ गेला तो वेगळाच. आम्ही वाळूचं तापमान आणि मॉइश्चर बॅचनुसार नोंदवायला लागलो आणि ब्लोहोलवाले (वायूने आत पोकळी राहिलेले) नग त्याच्याशी जोडून बघितले, तर बहुतेक शिफ्टच्या शेवटचे निघाले, परत येणारी वाळू गरमच वापरली जात होती. वहीत हे सगळं आधीपासून होतं, पण दोन वह्या दोन खात्यांत, कधी शेजारी ठेवून बघितल्याच नाहीत.

शिरोलीकर
ताई, आमच्याकडे अगदी हेच आहे, सँड प्लांटची वही वेगळी आणि रिजेक्शनची वेगळी. सगळ्यांचे मनापासून आभार. मालकांना सांगतो, मोठं सॉफ्टवेअर नंतर, आधी भट्टी आणि कंप्रेसरला मीटर. रविवारी साबणाचं पाणी घेऊन मीच फिरतो. भट्टीवाला दादा, तुमची स्क्रीन धूळ आणि उष्णतेत टिकते का, की काचेची पेटी केली?

भट्टीवाला
पत्र्याची पेटी, पुढं काच, आणि भट्टीपासून बाजूला खांबावर. दर शनिवारी पुसावी लागते.