ओठ चुणचुणला, तोच औषधाचा दिवस

धागा

उन्हाची काहिली सुरू झाली की ओठावरच्या फोडांच्या तक्रारी वाढतात. गावात कोणी म्हणतं कोळी मुतला, कोणी म्हणतं पाल मुतली. पालीचा आणि कोळ्याचा यात काही हात नाही. हे काम हर्पिस सिम्प्लेक्स १ या विषाणूचं. तो बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि पुढे जन्मभर चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दबून राहतो. ताप, ऊन, जागरण, पाळी, मनावरचा ताण यांतलं काही झालं की तंतूवरून खाली उतरतो आणि बहुतेक वेळा जुन्याच जागी उठतो. ज्यांना असे रुग्ण नेहमी पाहावे लागतात त्यांनी नेमकं लिहावं: काय लावायचं, किती, कधी.

आरोग्यसेविका, उपकेंद्र, यवतमाळ जिल्हा

आधी ओळख पक्की करा. ओठाची लाल कड जिथे संपते तिथे चुणचुण, आग, थोडा ताठरपणा येतो. काही तासांत, फार तर दिवसभरात, खसखशीच्या दाण्याएवढे पाण्याचे फोड एकमेकांना चिकटून घोळक्याने उठतात. दोन-तीन दिवसांत ते फुटतात, ओल येते, मग खपली धरते. एकूण ७ ते १० दिवसांत जागा साफ होते, डाग सहसा राहत नाही.

ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांत नुसत्या चिरा पडल्या असतील तर ते हे नव्हे. तोंडाच्या आत, गालाला पांढरा छाला आला असेल तर ते तोंड येणं. आणि पावसाळ्यात दिव्याखाली झोपलेल्या माणसाच्या मानेवर किंवा गालावर सकाळी लांबट, भाजल्यासारखा पट्टा दिसला, तर तो बारीक किडा अंगावर चिरडल्याचा असतो. त्यावर ओठाच्या फोडाचं मलम चोळून काही होत नाही, साबणाने धुवा.

फोड सुईने फोडू नका. त्यातल्या पाण्यातच विषाणू सगळ्यात जास्त असतो.

फार्मासिस्ट, तालुक्याचं गाव, बुलडाणा जिल्हा

मलम मागायला लोक चौथ्या दिवशी येतात, खपली धरल्यावर. तेव्हा पैसे वाया. असायक्लोव्हिर ५ टक्के मलम चुणचुण सुरू होताच लावायचं, जागेपणी दर चार तासांनी, दिवसातून ५ वेळा, ५ दिवस. मुगाच्या दाण्याएवढं पुरतं. कापसाच्या बोळ्याने लावा. बोटाने लावलंत तर आधी आणि नंतर साबणाने हात धुवा. वेळेवर सुरू केलं तरी मलमाने दुखणं अर्धा ते एक दिवसच कमी होतं, हेही गिऱ्हाइकाला सांगावं.

गोळीचा गुण जास्त. वॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ४ गोळ्या, आणि १२ तासांनी पुन्हा तेवढ्याच, बस, एका दिवसाचा कोर्स. तोही चुणचुण असतानाच. चिठ्ठी डॉक्टरांचीच हवी. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला हा डोस चालत नाही, कमी करावा लागतो. ज्याला वारंवार उठतं त्याने डॉक्टरांकडून चिठ्ठी आधीच घेऊन गोळ्या घरात ठेवाव्यात. रात्री नऊला ओठ चुणचुणला तर खेड्यात दुकान कुठे उघडं असतं?

आणि कळकळीने सांगतो, गजकर्णाची म्हणून मिळणारी मिश्र ट्यूब ओठावर लावू नका. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. लाली पटकन उतरते, माणसाला वाटतं बरं झालं, आणि आत विषाणूला मोकळं रान मिळतं. चुना, टूथपेस्ट, तुरटी यांनीही कातडी भाजते आणि खपली तडकते. खपलीवर साधं व्हॅसलीन लावा, जेवताना चिरणार नाही.

आशा स्वयंसेविका, गडचिरोली जिल्हा

तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसं पहाटे जंगलात जातात आणि दिवस चढेपर्यंत पानं तोडतात. ज्याचा ओठ दरवर्षी उठतो त्याने दुपट्टा नाकाखालून, ओठ झाकतील असा बांधावा. उन्हापासून वाचवणारं, एसपीएफ ३० लिहिलेलं ओठांचं मलम मिळालं तर दर दोन तासांनी लावावं. दुपट्टा मात्र आपला आपणच वापरावा, रोज धुवावा.

तांब्या वरून ओतून प्यायची आपली जुनी रीत इथे कामाची आहे. फोड असताना उष्टा पेला, बिडी, टॉवेल दुसऱ्याला देऊ नये.

खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना घोटून खातात त्याचं, वेगळं सांगते. त्यातला चुना ओल्या फोडावर लागला की जखम खोल जाते. तेच बोट पन्नीत आणि तीच पन्नी चौघांच्या हातात. निदान खपली पडेपर्यंत तरी खर्रा बंद.

बालविभागातली परिचारिका, चंद्रपूर जिल्हा

मोठ्यांचं दुखणं ओठापुरतं राहतं, लेकराचं नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराला पहिल्यांदा लागण होते तेव्हा जोराचा ताप येऊ शकतो, हिरड्या सुजून लाल होतात, तोंडभर फोड येतात, लाळ गळते आणि ते पाणीसुद्धा नाकारतं. खरा धोका पाणी कमी पडण्याचा. ओआरएसचं एक पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा द्या, २४ तासांनी उरलेलं फेका. थंड दूध, भाताची पातळ पेज चालते. आंबट, तिखट, खारट झोंबतं. तापाला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, किलोमागे १५ मिलिग्रॅम, दिवसात ४ वेळांपेक्षा जास्त नाही. अ‍ॅस्पिरिन लेकराला देऊच नका. सहा-आठ तास लघवी झाली नाही तर थांबू नका.

आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, बराच आहे. त्या लेकराला ताप आला किंवा त्याने पाणी सोडलं, तर घरी वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. पाणी कमी पडलं की सिकलसेलचा झटका येतो.

बारशाला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणाच्या ओठावर फोड असेल तर त्याने बाळाची पापी घेऊ नये. हे तोंडावर सांगायला घरातल्या वडीलधाऱ्या बाईने पुढे व्हावं, सुनेला ते जड जातं. सव्वा महिन्याच्या आतल्या बाळाला हा विषाणू मेंदूपर्यंत जाऊन जिवावर बेतू शकतो. आईच्याच ओठावर फोड असेल तर दूध तोडायचं नाही: तोंडाला स्वच्छ कापड बांधून, हात धुऊन पाजायचं. फोड स्तनावर असेल तर त्या बाजूचं पाजू नये.

आरोग्यसेविका, यवतमाळ (पुन्हा)

डोळ्याचं राहिलं. ओठाला लावलेला हात डोळ्याला लागला आणि डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना, तर घरातले जुने थेंब टाकू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळावर व्रण वाढतो आणि नजर जाऊ शकते. नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी. फोड दोन आठवड्यांत सुकला नाही, पू आला, मधासारखी पिवळी खपली पसरत गेली किंवा वर्षात सहापेक्षा जास्त वेळा उठलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.