परदेशातला एक लहानसा आनंद: तुमचा अनुभव लिहा

रोमला जाऊन आले त्याला सहा वर्षं झाली. कलोसियममधलं आता फारसं आठवत नाही, फोटो उघडून पाहावे लागतात. पण एका गल्लीतला नळ अजून डोळ्यांसमोर आहे. ओतीव लोखंडाचा, तोटी नाकासारखी वाकलेली. म्हणूनच तिथले लोक त्याला ‘नासोने’ म्हणतात, म्हणजे मोठं नाक. १८७४ पासून हे नळ बसवायला सुरुवात झाली आणि आज शहरभर सुमारे २५०० आहेत. पाणी आपलं वाहतच असतं.

जुलैतली दुपार होती. मी ओंजळ धरून प्यायला वाकले, तेवढ्यात एक आजीबाई आल्या. त्यांनी मला हलकेच बाजूला केलं, तोटीचं तोंड बोटानं दाबून धरलं, आणि वरच्या बारीक भोकातून पाण्याची कमान उडाली. दोन घोट घेऊन त्यांनी खूण केली, आता तू. मला नीट जमेपर्यंत त्या तशाच उन्हात उभ्या होत्या. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. जमलं तेव्हा माझ्या खांद्यावर ओला हात ठेवून त्या निघून गेल्या.

मला वाटतं, नुसतं पाहिलेलं विरून जातं, हातानं केलेलं राहतं. कलोसियम मी पाहिलं, नळ मी वापरला.

तुमचा असा एखादा क्षण इथे लिहा. प्रेक्षणीय स्थळांची माहिती नको, ती कुठेही मिळते. तुम्ही कुठे उभे होतात, हातात काय होतं, कसला आवाज येत होता, ते सांगा.

* * *

हाँगकाँगची स्टार फेरी. कंपनी १८८८ ची. चिम शा चुईहून पलीकडे सेंट्रलला जायला दहा मिनिटंही लागत नाहीत. बोट वळून परत येत नाही, दोन्ही टोकांनी चालते, त्यामुळे बाकांची पाठ इकडून तिकडे ढकलायची सोय आहे. आम्हाला हे माहीत नव्हतं. शेजारच्या बाईंनी आमच्या बाकाची पाठ खाडकन पलीकडे ढकलली आणि समोर सगळा किनारा उघडला. मग माझी आठ वर्षांची मुलगी दर वेळी धावत पुढे जाऊन ते काम करायची. चार दिवसांत आम्ही अकरा वेळा खाडी ओलांडली. कामासाठी म्हणाल तर दोनदाच.

* * *

मी तीन महिने कामासाठी स्वित्झर्लंडमध्ये, बर्नला होतो. जूनमध्ये ऑफिसातला एक जण म्हणाला, उद्या पोहायचे कपडे घेऊन ये. संध्याकाळी आम्ही मार्टसिलीला गेलो. तिथे शहराच्या कुशीतून आरे नदी वाहते, हिरवट निळी, डोंगरातून आलेली, आणि उन्हाळ्यातही अंगावर काटा आणणारी. लोक काठाकाठानं अनवाणी वर चालत जातात, आइखहोल्त्सकडे, आणि तिथून पाण्यात उतरून प्रवाहाबरोबर खाली येतात. कपडे जलरोधक पिशवीत, पिशवी अंगाला बांधलेली. शाळकरी मुलं, आज्या, बँकेतून सुटलेली माणसं, सगळेच.

पहिल्या उडीत श्वास अडकला. मग मित्रानं खूण करून कान पाण्याखाली घालायला सांगितलं. खाली बारीक चुरचुर ऐकू येत होती, जणू कुणी लांबवर काचेचे मणी चाळतंय. नदीच्या तळाशी प्रवाहाबरोबर घरंगळणारे गोटे! तो आवाज काठावर उभं राहून ऐकूच येत नाही. मी पाठीवर पडून राहिलो. वर संसदेचा घुमट हळूहळू सरकत गेला. दिवसभराच्या बैठका डोक्यातून कधी गेल्या ते कळलं नाही.

बाहेर पडायला काठावर लाल कठडे आहेत. ते वेळेवर धरावेच लागतात, पुढे बंधारा आहे. (उत्तम पोहता येत नसेल तर कृपया हे करू नका. प्रवाहाला जोर असतो आणि पाणी फार थंड.) तो कठडा हाताला लागला की होणारा आनंद वेगळाच. त्यानंतर पाऊस नसेल त्या प्रत्येक संध्याकाळी गेलो. स्वित्झर्लंडमधले बर्फाचे डोंगरही पाहिले, सुंदर आहेत. पण डोळे मिटले की मला तो गोट्यांचा आवाज येतो.

* * *

धागाकर्तीचं ‘हातानं केलेलं राहतं’ हे पूर्ण पटलं नाही. मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा परदेशी गेलो, क्रोएशियाला. झादारमध्ये गुडघा दुखायला लागला म्हणून घरचे पुढे गेले आणि मी समुद्रकाठी पायऱ्यांवर बसलो. तिथे २००५ मध्ये वास्तुविशारद निकोला बाशिच यांनी सागरी ऑर्गन उभारला आहे. सुमारे ७० मीटर लांबीच्या पायऱ्यांखाली ३५ नळ्या आहेत. लाटेनं आतली हवा ढकलली की त्या वाजतात. वाजवणारा कुणी नाही, ठरलेली चाल नाही. दूरवरून एक मोठी बोट गेली. काही वेळानं तिच्या लाटा पायऱ्यांपर्यंत पोचल्या आणि एकदम सगळे खर्जाचे सूर भरून आले. मग पुन्हा संथ झालं.

मी हातानं काहीही केलं नाही. फोनवर ध्वनिमुद्रण करून पाहिलं, त्यात नुसता वारा आला. फोन खिशात ठेवला आणि पुढच्या बोटीची वाट पाहत बसलो. सव्वा तास. मनासारखं बसणं इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं.

* * *

जपानमध्ये शिकत होते तेव्हाची गोष्ट. एका छोट्या गावात बस चुकली, पुढची तासाभरानं. नोव्हेंबर, अंधारून येत होतं, आणि त्या आठवड्यात मी कुणाशी धड बोललेही नव्हते. एकाएकी खांबांवरच्या कर्ण्यांमधून हळुवार धून सुरू झाली, सगळ्या गावावर. समोरच्या मैदानात खेळणारी मुलं थांबली, दप्तरं उचलली, एकमेकांना हात करून घरी निघाली. नंतर कळलं की हे कर्णे भूकंपासारख्या आपत्तीत सूचना देण्यासाठी आहेत. ते नीट चालू आहेत ना हे अशा रोजच्या धुनेनं तपासलं जातं, आणि मुलांना घरी जायची वेळही कळते. पण त्या क्षणी मला वाटलं, मलाही कुणीतरी घरी बोलावतंय. पुढे दोन वर्षं रोज ती धून ऐकली. दर वेळी हातातलं काम थांबवून ऐकली.

* * *

फोटोंबद्दल थोडं. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांचा २०१४ चा संग्रहालयातला प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा लोकांना कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो घेतला तेव्हा स्मरण टिकून होतं. हे वाचल्यापासून मी परदेशात गेल्यावर दिवसाला एकच फोटो काढतो, तोही एखाद्या बारकाव्याचा. लिस्बनमध्ये एक कारागीर गुडघे टेकून काळ्यापांढऱ्या दगडांची फरसबंदी दुरुस्त करत होता. दगड तळहातावर धरून हातोडीचे दोन टोले, फिरवून पाहायचा, पुन्हा एक टोला, आणि तो खाचेत बसायचा. अर्धा तास पाहिलं. फोटो फक्त त्याच्या तळहाताचा आहे.

* * *

इस्तंबूल, एमिनोन्यू ते काडिकोय बोट. हातात चहाचा कमरेत बारीक काचेचा पेला, बशीवर चमच्याची किणकिण, बाजूला सीगल. युरोपात घेतलेला चहा आशियात संपवला!

* * *

झादारच्या काका, तुमचं दोनदा वाचलं आणि माझी आठवण अपुरी सांगितल्याचं लक्षात आलं. रोमच्या नळावरच्या त्या आजी गेल्यावर मी लगेच निघाले नव्हते. समोरच्या उंबऱ्यावर सावलीत बसले होते, हात ओले, काही न करता. नळ वाहत होता. एक कुत्रा आला, खाली साचलेलं पाणी लपलप पिऊन गेला. मग बराच वेळ कुणीच आलं नाही.